मंगळवारचं धुणं

त्या मंगळवारी रोझलिन लीड्सहून नेहमीच्याच गाडीनं हल या बंदराच्या गावी, आईकडे आली. स्टेशनसमोरच्या दुकानातून तिनं बटाट्याच्या दोन पॅटी आणि चिप्सचा एक मोठा पुडा घेतला, वरून लाल मसाला जरा जास्तच मारायला सांगितला, कारण आईला तो तसाच लागे, आणि पुडा कोटाच्या आत छातीशी धरून ती बसमध्ये चढली. गल्लीत वारा होता. दार उघडंच होतं, आणि मागच्या खोलीत टेबलाशी बसलेल्या आईनं मान वर न करताच विचारलं, "आलीस? गरम आहे का अजून?"

"आहे."

"मग बाकी सगळं नंतर."

दोघींनी कागदावरच खाल्लं. आईनं बोटं चाटली, चष्म्याच्या काचेला लागलेला मसाला कार्डिगनच्या बाहीनं पुसला आणि काच आणखी धूसर केली. डोरीन ब्लेंकिन तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची होती. नऊ कादंबऱ्या तिच्या नावावर होत्या आणि दहावी टेबलावर, पितळी वजनाखाली, कागदाच्या दोन गठ्ठ्यांत पडली होती. एक गठ्ठा जाडजूड, दुसरा बारीक. रोझलिनचं त्यांच्याकडे लक्ष गेलं आणि तिनं ते काढून घेतलं, उघड्या दारातून दुसऱ्याच्या घरात नजर गेल्यावर आपण काढून घेतो तसं. मग करायला काही तरी हवं म्हणून ती वर गेली, आईच्या पलंगावरच्या चादरी ओढून काढल्या, उशांचे अभ्रे काढले, आणि सगळा बोजा खाली आणून मशीनमध्ये कोंबला.

"अगं, परवाच तर बदलल्या."

"परवा म्हणजे कधी?"

"आयव्हीला विचार. ती पाळत ठेवून असते माझ्यावर."

मशीन घरघरायला लागलं. आई खुर्चीतून वळून त्याच्या गोल काचेकडे बघत राहिली. आत पांढरं काही तरी वर येत होतं, आपटत होतं, पुन्हा वर येत होतं. ती थोडी हसली. "धू बापडे," ती म्हणाली, "मला कुठं निघायचंय."

मग ती म्हणाली, "रोझ, थोडा वेळ आहे का? बारा प्रकरणं झाली. शेवटचं पान तेवढं राहिलंय."

याचा अर्थ काय ते रोझलिनला पाळण्यात असल्यापासून माहीत होतं. आई कुठल्याही पुस्तकाचं शेवटचं पान लिहीत नसे, जोवर आधीचं सगळं कुणी तरी तिला मोठ्यानं वाचून दाखवत नाही. स्वतः वाचून चालत नसे. दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्याशिवाय, ती म्हणायची, यातलं कोण खोटं बोलतंय ते कळत नाही. तीसेक वर्षं बाबांनी वाचलं. वॉल्टर ब्लेंकिन दिवसभर बस चालवायचे आणि संध्याकाळी पाय गरम पाण्यात सोडून थांब्यांची नावं पुकारल्यासारखं, घाई न करता वाचायचे. बाबा गेल्यावर हे काम आयव्हीमावशीकडे आलं.

"चार-दहाची गाडी आहे," रोझलिन म्हणाली. "मावशीला सांग ना."

"आयव्ही वाचते म्हणजे मासळीचा भाव पुकारते. आणि मध्येच थांबून भांडते. ‘ह्या बाईला काही कामधंदा नाही का, सारखी खिडकीत उभी,’ म्हणते." आईनं बारीक गठ्ठ्यावर हात ठेवला. "यात एक पान आहे, मला फार दिवस पुन्हा लिहायचं होतं ते. तीस-बत्तीस वर्षं तरी झाली."

"कुठलं?"

"वाचलंस तर कळेल."

रोझलिननं घड्याळाकडे पाहिलं. चार-दहानंतर चार-पन्नासची होती आणि त्यानंतरही होतीच, हे दोघींनाही ठाऊक होतं. तिनं चादरी परसातल्या दोरीवर टाकल्या, चिमटे लावले, कोट चढवला. आई दारापर्यंत सोडायला आली नाही. ती कधीच कुणाला सोडायला दारापर्यंत येत नसे, त्या गल्लीतल्या तिच्या वयाच्या कुठल्याच बायका येत नसत. आतूनच तिचा आवाज आला. "दार नीट ओढून घे. वारा येतो."

दार नीट ओढलं होतं. पुढच्या आठवड्यांत रोझलिननं हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगितलं. दार तिनं नीट ओढलं होतं, कडी बसल्याचा आवाजही ऐकला होता. बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास ग्रंथालयातल्या तिच्या टेबलावरचा फोन वाजला तेव्हा ती कुठल्याशा पाद्र्याच्या शंभर वर्षांपूर्वीच्या पत्रांना क्रमांक देत होती. आयव्हीमावशी म्हणाली, "रोझ, आधी बस. बसलीस?" "बसलेलीच आहे," रोझलिन म्हणाली, आणि मग मावशीनं सांगितलं. चहा टेबलावर होता, पेन टोपण लावलेलं होतं, डॉक्टर म्हणाले की तिला कळलंही नसेल. फोन ठेवल्यावर रोझलिननं हातातल्या पत्राला क्रमांक दिला. दोनशे चौदा. तो आकडा पुढे बरेच दिवस तिच्या डोक्यात एखाद्या घराच्या नंबरासारखा राहिला.

प्रेतयात्रेला लोक बरेच आले. लंडनहून आईचे प्रकाशक जस्टिन ऑर्म आले, मासळीच्या कारखान्यातल्या जुन्या सहा-सात बायका आल्या आणि त्यांनी ऑर्मसाहेबांना आधी दफनाचा माणूस समजून फुलं कुठे ठेवायची ते विचारलं. त्यांनी ती घेतली आणि नीट ठेवली, म्हणून रोझलिनला ते आवडले. या सगळ्यांतून ती कोरडीच पार पडली. धक्का बसला तो नंतर, लोक गेल्यावर, आणि तो इतका लहान होता की शेजारच्या माणसाला दिसलाही नसता. ती आणि मावशी वरच्या खोलीत त्या दोरीवरून काढलेल्या चादरींच्या घड्या घालत होत्या. दोन टोकं हिच्या हातात, दोन तिच्या. जवळ यायचं, टोकं जुळवायची, लांब जायचं. मावशीनं सहज विचारलं, "कधी धुतल्यास या?"

"त्याच मंगळवारी. मी आले होते तेव्हा."

मावशीचे हात थांबले. चादर दोघींच्या मध्ये ताणलेली होती. मावशी रोझलिनकडे नाही, चादरीकडे बघत होती. मग ती "बरं" म्हणाली आणि पुढची घडी घातली.

एवढंच. पण लीड्सला परतताना गाडीत रोझलिनच्या मनातून ते थांबलेले हात जाईनात. ती रीत तिला माहीत होती. त्या रस्त्यावर जन्मलेल्या प्रत्येक मुलीला माहीत होती, जरी आता धक्क्यावर बोटी उरल्या नव्हत्या आणि तिथं गालिच्यांचं भलं मोठं दुकान झालं होतं. घरातला माणूस ज्या दिवशी समुद्रावर निघतो त्या दिवशी कपडे धुवायचे नाहीत. धुतलेस, तर माणूसही धुवून जातो. सोडायला धक्क्यावर जायचं नाही, हात हलवायचा नाही, आणि पाण्याला हात लावायचा तो चहापुरता. आजीच्या वेळी निघायच्या दिवशी आख्ख्या गल्लीत एकही दोरी ओली नसायची म्हणे. रोझलिननं हे सगळं लहानपणी ऐकलं, मोठेपणी त्यावर हसली, एकदा तर कुणा संशोधकाला या समजुतींचे कागद शोधून देताना तिनं स्वतःच्या आजीचं उदाहरण गंमत म्हणून सांगितलं होतं. आता ती एकोणपन्नास वर्षांची, चार भाषांमधली पुस्तकं वाचणारी बाई गाडीच्या खिडकीत स्वतःच्या चेहऱ्याकडे बघत होती आणि तिच्या मनात एक गोल काच फिरत होती. मला कुठं निघायचंय, आई म्हणाली होती. निघणाऱ्याला स्वतःला कुठं कळतं? कळायचं ते घरातल्यांना. आणि घरातली म्हणजे ती. तिनं वाचायला नकार दिला आणि त्याऐवजी धुणं काढलं. हात रिकामे ठेवायचे नाहीत म्हणून. हातात ते कागद येऊ नयेत म्हणून.

तिनं कपडे धुणं बंद केलं. ठरवून नाही. पहिल्या आठवड्यात वेळ मिळाला नाही, दुसऱ्या आठवड्यात पावडर संपली होती, तिसऱ्या आठवड्यात ती ग्रंथालयातून परतताना दुकानात शिरली आणि दोन नवे ब्लाउज घेऊन बाहेर आली, तेव्हा तिला कळलं की आपण काय करतोय. टोपली भरून वाहत होती. मोजे खुर्चीवर चढले होते. ती त्यांच्याकडे बघत चहा प्यायची आणि आईचा विचार करायची, पण आईपर्यंत पोचायची नाही, वाटेत दर वेळी ते फाटक लागायचं.

फाटक शाळेचं होतं. शहराच्या दुसऱ्या टोकाची, परीक्षा देऊन शिरायची शाळा, निळी टोपी, निळा कोट. मुली डॉक्टरांच्या, वकिलांच्या, बोटींच्या मालकांच्या. बोटींवर जाणाऱ्यांच्या गल्लीतली अशी ती एकटीच. आई तेव्हा सकाळी मासळीच्या कारखान्यात उभी असायची, कोपरापर्यंत बर्फात, आणि दुपारी लिहायची. पहिली कादंबरी तर तिनं खोक्यांवर चिकटवायच्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहिली होती. "बर्फाच्या पेट्या" हे तिचं नाव, आणि छापून आल्यावर लंडनच्या एका पेपरानं लिहिलं की मासळीच्या शेडमधून साहित्याला एक आवाज मिळाला आहे. आईनं ते कात्रण आयव्हीला दाखवलं, आयव्ही म्हणाली, "आवाज कसला, वास म्हणायचं असेल त्यांना," आणि दोघी पोट धरून हसल्या. दुसऱ्या कादंबरीच्या वेळी कुठल्याशा बक्षिसाच्या यादीत नाव आलं. आई मावशीचा कोट घालून लंडनला गेली, बक्षीस न मिळता परतली, आणि जेवणात सात प्रकारचे चमचे होते एवढंच सांगितलं. कारखाना तिनं त्यानंतरही चार वर्षं सोडला नाही. तर रोझलिन तेरा वर्षांची असताना एका सकाळी डबा घरी विसरली आणि दुपारी आई कारखान्यातून तशीच निघून, बस बदलून, शाळेच्या फाटकापाशी येऊन उभी राहिली. पांढरा झगा, डोक्याला रुमाल, पायात रबरी बूट. हातात चिप्सचा पुडा. फिलिपा नावाची मैत्रीण बरोबर होती. तिनं नाकाला हात लावला नाही, ती तशी चांगली मुलगी होती, नुसतं विचारलं, "ही कोण गं?" आणि रोझलिन म्हणाली, "आमच्या गल्लीत राहते. लोकांची कामं करते."

तिला वाटलं होतं की आईला ऐकू गेलं नाही. आईनं पुडा दिला, रोझलिननं घेतला, आई निघून गेली. घरी त्या विषयावर कुणी बोललं नाही. वारा होता, मुलींचा गलका होता, तीन वर्षं ती स्वतःची समजूत घालत होती की ऐकू गेलं नाही. मग तिसरी कादंबरी आली, "दुसरी भरती," आणि सातव्या प्रकरणात ते फाटक होतं. टोपीसकट, पुड्यासकट, शब्दासकट. त्यातली मुलगी पुडा घेऊन "थँक्यू" म्हणते, परक्या बाईला म्हणावं तसं. रोझलिनला आपण ते म्हटल्याचं आठवत नव्हतं, पण वाचल्याक्षणी कळलं की म्हटलं होतं. सोळा वर्षांच्या मुलीला शरम सहन होत नाही, ती तिचा राग बनवते. ती पुस्तक घेऊन स्वैपाकघरात गेली आणि म्हणाली, "तू माझं घेतलंस. ते माझं होतं."

"ते माझंही होतं, रोझ," आई म्हणाली.

"तुझं एकही पुस्तक मी यापुढे हातात धरणार नाही."

आई बटाटे सोलत होती. हातातला सोलून झाल्यावर ती "बरं" म्हणाली. मावशीच्या "बरं"सारखंच ते "बरं" होतं, त्या घराण्यातल्या बायकांचं, ज्यात सगळं मावतं आणि बाहेर काही सांडत नाही. रोझलिननं शब्द पाळला, निदान घरात. चौथी कादंबरी तिनं दुसऱ्या गावच्या ग्रंथालयातून आणली आणि वर्तमानपत्राचं वेष्टन घालून वाचली. पाचवीही तशीच. नऊच्या नऊ. मधली काही वर्षं आईची पुस्तकं बाजारातून नाहीशी झाली होती, कुणी छापत नव्हतं, आणि आई शांतपणे लिहीतच होती, तेव्हा रोझलिन जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून एकेक प्रत गोळा करायची आणि कपाटात मागच्या रांगेत ठेवायची. मग कुणा तरुण समीक्षकानं आईला पुन्हा शोधून काढलं आणि सगळी पुस्तकं नव्या रूपात आली. तीही तिनं घेतली. आईच्या वाक्यांचा ठेका तिला स्वतःच्या श्वासासारखा ओळखू यायचा. हे ती कुणालाच बोलली नाही, आणि बोलायची वेळ दर मंगळवारी पॅटीच्या कागदाबरोबर गुंडाळून टाकली जायची.

नोव्हेंबरात ऑर्मसाहेबांचा फोन आला. बोलताना ते फार जपून पावलं टाकत. "तुम्हाला घाई करायची नाही. पण शेवटचं पान नाही, असं आयव्हीबाई म्हणाल्या. आपण तसंच छापू शकतो. मागे एक टीप देऊ, अपूर्ण म्हणून."

"मी पाठवून देते," रोझलिन म्हणाली. "शनिवारी हलला जाईन, प्रत काढून टपालानं टाकेन."

"तुम्ही वाचलंय का?"

"नाही," ती म्हणाली.

शनिवारी ती दोन्ही गठ्ठे पाकिटात भरत असताना आयव्हीमावशी आपल्या किल्लीनं दार उघडून आत आली. मावशी आईहून चार वर्षांनी लहान, अंगानं दुप्पट, एका पायानं लंगडत होती आणि ते कुणी पाहिलेलं तिला खपत नसे. तिनं पाकीट बघितलं.

"हे काय?"

"ऑर्मसाहेबांना पाठवतेय."

"वाचल्याशिवाय?"

"मावशी, आता वाचून काय होणार? ऐकायला कोण आहे?"

"मी आहे. बहिरी झाले नाही अजून." मावशीनं पाकीट काढून घेतलं आणि आईच्या खुर्चीत बसली, तेव्हा खुर्ची कुरकुरली. "मोठ्यानं वाचल्याशिवाय डोरीनचं एक पान या घरातून बाहेर गेलेलं नाही. वॉल्टर न्यूमोनियातून उठला तरी वाचत होता. जाडं मी वाचलंय, नऊ प्रकरणं. ही बारीक तीन मला दिलीच नाहीत तिनं. ‘ही रोझची,’ म्हणाली. मी म्हटलं, खुळी आहेस, ती नाही वाचायची तुझं काही. तर म्हणते, ‘वाचते ती.’"

रोझलिननं टेबलावरचं पितळी वजन उगाच सरकवलं.

"गेल्याच्या गेल्या नाताळात जेवताना तू खिडकीबाहेर बघून म्हणालीस, पाऊस पडत नाहीये, नुसता विचार करतोय. आठवतं?"

"नाही."

"तिच्या पाचव्या पुस्तकातलं आहे ते, बाईसाहेब. तू बोललीस, वर बटाटे वाढून घेतलेस. ही स्वैपाकघरात आली, ओट्याला टेकली, आणि हसायलाच लागली. डोळ्यांतून पाणी. मला वाटलं मोहरी लागली."

रोझलिन टेबलाशी बसली. खिडकीतून परसातली दोरी दिसत होती, तिच्यावर दोन चिमटे विसरून राहिले होते. तिनं बारीक गठ्ठा पुढे ओढला. दहावं प्रकरण. पहिलं वाक्य तिला नीट उच्चारता आलं नाही, दुसरं आलं, आणि पानभरानं तिच्या लक्षात आलं की आपण बाबांसारखं वाचतोय, प्रत्येक थांब्यावर थांबत.

त्यात अकरा वर्षांची एक मुलगी होती. तिचा बाप पहाटे आइसलंडच्या बाजूला निघालेला. तीन दिवस घरी, तीन आठवडे समुद्रावर, असा तो बाप, घरी आला की खिशात चॉकलेटं आणि अंगाला डिझेलचा वास. त्याच्या बुटांचा आवाज गल्लीच्या टोकाला विरतो आणि मुलीच्या लक्षात येतं की बाहुलीच्या झग्यावर मुरंबा सांडलाय. ती तो झगा बशीभर पाण्यात धुते. चोरून, चहाच्या बशीत, दोन बोटांनी. मोरीच्या कडेला वाळत घालते. बोट परत येत नाही.

रोझलिनचा आवाज थांबला. मावशीचं विणकाम केव्हाच मांडीवर पडलं होतं.

"वाच," मावशी म्हणाली.

अकरा महिने मुलगी कुणाला सांगत नाही. जेवत नाही, अंथरूण भिजवते, शाळेत गप्प बसते. मग एका सकाळी, आई चूल पुसत असताना, ती सगळं बोलून टाकते. आई मान वर करत नाही. चूल पुसून पुरी करते. मग म्हणते, "समुद्र एवढा रिकामटेकडा नाही, पोरी, की तुझ्या बाहुलीचा झगा बघत बसेल." आणि तो दिवस असा, की त्या दिवशी गल्लीतली चार माणसं बोटीवर निघालेली असतात. आई उठते. बंब पेटवते. घरातलं होतं नव्हतं ते सगळं काढते, चादरी, पडदे, बापाचे ठेवलेले सदरे, आणि धुते. भर दुपारी गल्लीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोरी बांधून ते सगळं वाळत घालते, आणि दारात खुर्ची टाकून, हातांची घडी घालून, त्याखाली बसून राहते. मुलगी तिच्या पायाशी. कुणी दार उघडत नाही. पडदे मात्र सगळ्या खिडक्यांचे हलतात. चार माणसं तीन आठवड्यांनी परत येतात, चौघंही, नेहमीसारखी, आधी दारूच्या दुकानात जातात.

रोझलिननं शेवटचं पान गठ्ठ्यावर उलटं ठेवलं. मग आयव्हीमावशी म्हणाली, "म्हणून होय."

"काय?"

"मी सात वर्षांची होते. मला आठवतात त्या चादरी. गल्ली महिनाभर बोलत नव्हती आमच्याशी. ब्रेडवाला नुसता पाव ठेवून पळायचा. आईला वेड लागलं म्हणायचे सगळे, मलाही तसंच वाटायचं. साठ-पासष्ट वर्षं मला वाटतंय, नवरा गेल्याच्या दुःखात केलं तिनं ते." तिनं नाक शिंकरलं. "आणि हे डोरीनसाठी होतं. बशीभर पाण्यासाठी. सांगितलं नाही बघ कधी, कार्टीनं."

"मावशी," रोझलिन म्हणाली, "त्या दिवशी चादरींच्या घड्या घालताना तू थांबलीस. मी मंगळवार म्हटल्यावर."

"थांबले तर."

"मला वाटलं…"

"काय वाटलं?" मावशीनं तिच्याकडे पाहिलं, आणि तिला उमगलं. "अगं बाई. मला त्या चादरी आठवल्या. आईच्या. तेवढंच." मग ती म्हणाली, "म्हणजे तीन आठवडे तू हे डोक्यावर घेऊन फिरत्येस? चार चार भाषा शिकून?" आणि ती हसायला लागली, खुर्चीसकट हलत, आणि रोझलिनलाही हसू आलं. ते हसू कुठून आलं ते तिला कळलं नाही, पण त्यात कडेला पाणी होतं आणि ते तिनं पुसलं नाही.

अकरावं प्रकरण त्यांनी रविवारी वाचलं. त्यात मुलगी मोठी झाली होती, कारखान्यात उभी राहू लागली होती, चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहीत होती. मावशी दोनदा भांडली आणि एकदा म्हणाली, "तो कोट मी उसना दिला नव्हता, तिनं न विचारता नेला होता. तसं लिहून कळव तुझ्या ऑर्मसाहेबांना." बाराव्याची पानं थोडीच होती. रोझलिननं सोमवारी ग्रंथालयात फोन करून दोन दिवसांची रजा घेतली, लीड्सला जाऊन कपड्यांची सगळी टोपली दोन पिशव्यांत भरून आणली, आणि मंगळवारी दुपारी आईच्या मशीनमध्ये पहिली खेप टाकली. मावशीनं दारातून डोकावून पाहिलं.

"ऐकणार नाहीस?" रोझलिननं विचारलं.

"मंगळवारी माझा बिंगोचा खेळ असतो. आणि हे तुझं आहे." मग जाता जाता, "जोरात वाच. ती मधल्या मधल्या शब्दांना बहिरी झाली होती हल्ली."

मशीन घरघरत होतं. रोझलिननं आईची खुर्ची टेबलाकडे वळवून ठेवली, तिच्यावरचं कार्डिगन काढलं नाही. ती समोर बसली आणि वाचू लागली.

पहिल्याच ओळीत तिला कळलं की कुठं जायचंय. बाई कारखान्यातून निघते. बस बदलते. पुडा झग्याच्या आत छातीशी धरते, गार होऊ नये म्हणून. रोझलिनचा आवाज इथं हलला, कारण दर मंगळवारी स्टेशनपासून ती पुडा तसाच धरून येत होती आणि तसं धरायला आपल्याला कुणी शिकवलं हे तिनं कधी विचारलं नव्हतं. बाईला बसमध्ये लोक जागा करून देतात, मानानं नाही, वासानं, आणि तिला त्याची गंमत वाटते. ती फाटकापाशी पोचते. जुन्या पुस्तकात फाटक मुलीच्या बाजूनं होतं आणि सगळं एका फटक्यात होऊन गेलं होतं. इथं ते हळू होतं. बाई निळ्या टोप्यांमधून आपली टोपी शोधते. दिसल्यावर तिला वाटतं, ही बघ, ही कशी ताठ चालते, हिला कुणी हे शिकवलं नाही. तिला वाटतं, हिनं मला ओळख दिली नाही तरी चालेल. मग तिला वाटतं, नाही, चालणार नाही, खोटं कशाला बोला, पण त्यानं काही बिघडायचंही नाही, कारण ती तेरा वर्षांची आहे आणि वार्षिक परीक्षेआधी तिला भूक लागलेली आहे. मुलगी जवळ येते. बरोबर मैत्रीण आहे, बरी दिसते, चांगल्या घरची. पुडा अजून गरम आहे.

"‘ही कोण गं?’" रोझलिननं वाचलं, "‘मैत्रिणीनं विचारलं.’"

तिनं पान उलटलं. पुढचं पान कोरं होतं. कोपऱ्यात आईच्या अक्षरात पानाचा क्रमांक तेवढा घातलेला होता.

मशीन थांबलं. आत कपडे एकदा खाली सरकले आणि घर शांत झालं. बाहेर दोरी वाऱ्यानं थोडी हलत होती. रोझलिननं कोऱ्या पानावर तळहात ठेवला आणि समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. मग तिनं पुढे वाचायला सुरुवात केली, मुलींच्या गलक्यातून, वाऱ्यातून, फाटकापलीकडे नीट ऐकू जाईल अशा आवाजात.

"ही माझी आई आहे," ती म्हणाली.